तारा निघाल्यावर किती दिवसांनी दात पांढरे करून घ्यावेत?

प्रश्न : मी मूळची यवतमाळ जिल्ह्यातील एका गावची असून वय २५ आहे, नोकरीनिमित्त पुण्यात राहते. गेले दीड वर्ष माझ्या दातांना सिरॅमिकच्या ब्रेसेस आहेत. येत्या मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात माझे लग्न आहे आणि जानेवारीच्या अखेरीस तारा निघतील, असे डॉक्टर म्हणतात. दात आता सरळ दिसतात, पण पिवळट वाटतात. शिवाय समोरच्या दातांवर लहानपणापासून पांढुरके पट्टे आणि एक फिकट तपकिरी डाग आहे. ओळखीच्या ब्यूटी पार्लरमध्ये लग्नाच्या पॅकेजमध्येच दात पांढरे करून देतात. मैत्रीण म्हणते की ऑनलाइन मिळणाऱ्या व्हाइटनिंगच्या पट्ट्या आतापासूनच लावायला लाग. मामीचे म्हणणे असे की तारा निघाल्यावर ब्रॅकेटच्या (तार धरण्यासाठी दातावर चिकटवलेल्या छोट्या तुकड्याच्या) जागी चौकोनी डाग राहतात, म्हणून आधीच काय ते करून घे. माझ्या १५ वर्षांच्या धाकट्या भावालाही लवकरच तारा बसणार आहेत आणि त्याला त्याआधी दात पांढरे करून हवे आहेत. व्हाइटनिंग नेमके केव्हा करावे? आणि लग्नासाठी तारा महिनाभर आधी काढून घेतल्या तर चालेल का?

उत्तर : तुमच्यासाठी व्हाइटनिंगची योग्य वेळ तारा निघाल्यानंतरची आहे. तीही लगेचची नाही. दातांवर चिकटवलेले द्रव्य पूर्ण साफ झाल्यावर, हिरड्यांची सूज उतरल्यावर आणि थंड पाणी दातांना लागेनासे झाल्यावर, म्हणजे साधारणपणे चार ते सहा आठवड्यांनी ती येते. तुमच्या हातात जानेवारीअखेरपासून मेपर्यंतचा काळ आहे आणि तो पुरेसा आहे, त्यामुळे आज घाईने काही करण्याची गरज नाही. तारा दातांवर असताना व्हाइटनिंग करू नका, भावालाही तारा बसण्याआधी करू देऊ नका, आणि लग्नाच्या तारखेसाठी तारा वेळेआधी काढून घेऊ नका. यांपैकी शेवटची गोष्ट मी सर्वांत आग्रहाने सांगते, कारण दातांचा रंग पुढे केव्हाही सुधारता येतो, मात्र अर्धवट सोडलेल्या उपचारानंतर दात पुन्हा सरकले तर सगळे पहिल्यापासून करावे लागते.

दात पांढरे करण्याच्या बहुतेक सर्व पद्धतींमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा कार्बामाइड पेरॉक्साइड हे द्रव्य वापरले जाते. कार्बामाइड पेरॉक्साइड तोंडात विघटित होऊन त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइडच तयार होते, आणि १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडच्या जेलमधून सुमारे साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड मिळते. घरी वापरायच्या ट्रेमध्ये, म्हणजे दातांवर बसणाऱ्या पातळ साच्यात, असे सौम्य जेल असते, तर दवाखान्यात खुर्चीवर बसवून केल्या जाणाऱ्या व्हाइटनिंगमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइडचे प्रमाण २५ ते ४० टक्क्यांपर्यंत असते. हे द्रव्य दाताच्या वरच्या कठीण आवरणातून, म्हणजे इनॅमलमधून, आतल्या डेंटिनपर्यंत झिरपते आणि तिथल्या रंगीत रेणूंचे विघटन करते. ते दाताच्या नसेपर्यंतही काही मिनिटांतच पोहोचते, आणि व्हाइटनिंगच्या काळात थंड पाण्याने कळ येते ती त्यामुळेच. याचा अर्थ असा की व्हाइटनिंग हे पृष्ठभाग घासून चकचकीत करण्याचे काम नव्हे, तर दाताच्या आतपर्यंत जाणारी रासायनिक क्रिया आहे, आणि ती दात शांत, निरोगी व मोकळे असतानाच करायची असते.

तारा असलेले दात या तिन्ही कसोट्यांवर उतरत नाहीत. ब्रॅकेटने समोरच्या पृष्ठभागाचा मोठा भाग व्यापलेला असतो, ट्रे ब्रॅकेटवरून नीट बसत नाही आणि पट्टी चिकटत नाही. मग जेल जिथे हवे तिथे न राहता ओघळून हिरड्यांवर जाते आणि हिरड्या भाजल्यासारख्या पांढऱ्या पडून दुखू लागतात. तारा लावलेल्या बहुतेकांच्या हिरड्या आधीच थोड्याफार सुजलेल्या असतात, कारण कितीही काळजी घेतली तरी ब्रॅकेटभोवती प्लाक, म्हणजे जीवाणूंचा चिकट थर, साचतो. दात हाडातून हळूहळू सरकत असल्यामुळे त्यांची नसही या काळात संवेदनशील असते. पेरॉक्साइड दातात आडवे पसरते, त्यामुळे ब्रॅकेटखालचा भाग अगदी कोरडा राहतो असे नाही. तरीही परिणाम सारखा आणि नियंत्रणात ठेवता येण्याजोगा नसतो, आणि ब्रॅकेट धरून ठेवणारे द्रव्य त्या काळात कमकुवत होण्याचा धोका उगाच पत्करावा लागतो. एखादे ब्रॅकेट सुटले की त्या दाताची हालचाल थांबते आणि उपचार काही आठवडे लांबतात. लग्नाची तारीख जवळ असताना तुम्हाला हे नक्कीच नको असेल. म्हणून मैत्रिणीने सुचवलेल्या पट्ट्या आता लावू नका. लिंबू आणि खाण्याचा सोडा चोळणे, कोळशाची पावडर वापरणे, मिठाने दात घासणे हे घरगुती उपायही टाळा. लिंबाचे आम्ल इनॅमल विरघळवते, खरखरीत पावडर ते झिजवते, आणि काळी पावडर ब्रॅकेटच्या कडांना व रबरांना अडकून बसते ती वेगळीच. व्हाइटनिंग म्हणून विकल्या जाणाऱ्या टूथपेस्ट मुख्यतः पृष्ठभागावरचे डाग घासून काढतात, आणि त्या फक्त ब्रॅकेटच्या भोवतीच पोहोचतात, त्यामुळे सध्या साधी फ्लोराइडयुक्त टूथपेस्टच वापरलेली चांगली.

पिवळटपणाबद्दल एक गोष्ट आधी तपासून पाहा. आपल्या रोजच्या स्वयंपाकात हळद असते, आणि सिरॅमिक ब्रॅकेटवर तार बांधून ठेवणारी पारदर्शक किंवा पांढरी रबरे एका जेवणातही पिवळी पडू शकतात. आरशात दिसणारा पिवळेपणा पुष्कळदा दातांचा नसून या रबरांचा असतो. पुढच्या भेटीत ती बदलली जातीलच. तेव्हा करड्या किंवा चंदेरी रंगाची रबरे मागून घ्या, म्हणजे हळदीचा रंग त्यांवर उठून दिसणार नाही. दुसरे असे की हिरड्या सुजल्या म्हणून तुम्हाला क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश दिला गेला असेल आणि तुम्ही तो महिनोनमहिने वापरत असाल, तर दातांवर तपकिरी डाग पडणे हा त्याचा ओळखीचा परिणाम आहे. तो साधारणपणे थोड्या दिवसांसाठीच द्यायचा असतो. हे डाग वरवरचे असतात आणि दवाखान्यातील सफाईने, म्हणजे स्केलिंग व पॉलिशिंगने, निघून जातात. चहा, कॉफी आणि लोहाच्या टॉनिकचे डागही याच प्रकारचे असतात. म्हणूनच व्हाइटनिंगचा विचार करण्याआधी एकदा नीट सफाई करून घेतली की पुष्कळांना आपले दात मुळात तेवढे पिवळे नव्हतेच, हे लक्षात येते.

आता मामींच्या शंकेकडे वळते, कारण ती निराधार नाही, तिची कारणे मात्र वेगळी आहेत. ब्रॅकेट चिकटवण्याआधी इनॅमल फॉस्फोरिक आम्लाने काही सेकंद खरखरीत करतात आणि त्या सूक्ष्म खाचांमध्ये रेझिन, म्हणजे ब्रॅकेट चिकटवण्याचे द्रव्य, शिरून घट्ट होते. इनॅमलला अशी पकड देता येते, हे मायकेल ब्युओनोकोर या संशोधकाने १९५५ मध्ये दाखवून दिले आणि त्यावरच आजचे ब्रेसेसचे शास्त्र उभे आहे. तारा काढताना वरचे रेझिन घासून काढतात, पण त्याचे पातळ अंश मागे राहिले तर ते काही महिन्यांत चहा-हळदीचा रंग धरून पिवळे पडतात आणि ब्रॅकेटच्या आकाराचा डाग दिसू लागतो. अशा डागावर पेरॉक्साइडचा फारसा उपयोग होत नाही, कारण तिथे दात नसून रेझिन असते. त्यासाठी तारा काढतानाच रेझिन पूर्ण काढून दात पॉलिश करून घेणे हाच उपाय असतो. काढून झाल्यावर दात वाळवून, उजेडात नीट पाहून मगच घरी सोडा, अशी विनंती डॉक्टरांना करायला संकोचू नका. मामींनी पाहिलेला दुसरा प्रकार म्हणजे ब्रॅकेटच्या भोवती, विशेषतः हिरडीकडच्या बाजूला, उमटलेली चुन्यासारखी पांढरी कड. ही मात्र डाग नसून किडीची पहिली पायरी आहे. प्लाकमधील जीवाणूंच्या आम्लाने तिथल्या इनॅमलमधून कॅल्शियम आणि फॉस्फेट निघून गेलेले असते, आणि सफाईकडे दुर्लक्ष झाले तर हे महिनाभरातही घडू शकते. ब्रॅकेटखालचा भाग झाकलेला असल्यामुळे तो शाबूत राहतो आणि भोवतीचा पांढरा पडतो, म्हणून तो आकार चौकोनी दिसतो. आधीच व्हाइटनिंग करून यांतला कोणताही प्रकार टळत नाही. तो टळतो तो रोजच्या ब्रशने.

तुमच्या दातांवरचे लहानपणापासूनचे पट्टे मात्र या दोन्हींहून वेगळे असण्याची शक्यता मला अधिक वाटते, आणि तुम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या आहात हे त्याचे मुख्य कारण आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील अनेक गावांच्या विहिरी व बोअरवेलच्या पाण्यात नैसर्गिकरीत्याच फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार ते लिटरमागे १ मिलिग्रॅम असावे आणि दुसरा स्रोतच नसेल तर फार तर १.५ मिलिग्रॅम. त्याहून जास्त फ्लोराइडचे पाणी लहानपणी, हिरडीच्या आत कायमच्या दातांचे इनॅमल घडत असताना पोटात गेले, तर दात उगवतात तेच आडव्या पांढुरक्या रेषा किंवा ठिपके घेऊन, आणि नंतर त्यांतले काही तपकिरी होतात. याला दंत फ्लोरोसिस म्हणतात. ओळखण्याची खूण अशी की हे पट्टे दोन्ही बाजूंच्या जोडीच्या दातांवर साधारण सारखेच असतात आणि तारा लावण्याआधीपासून असतात. तारांमुळे उमटणारी पांढरी कड हिरडीलगत, चंद्रकोरीसारखी आणि उपचाराच्या काळात नव्याने दिसणारी असते. तुमच्या ऑर्थोडॉन्टिस्टकडे, म्हणजे तारा लावणाऱ्या दंतवैद्याकडे, उपचार सुरू करण्यापूर्वीचे दातांचे फोटो असतील, ते मागून पाहा. कोणता पट्टा जुना आणि कोणता नवा हे त्यावरून निश्चित होईल आणि पुढचा सगळा उपचार त्यावर ठरेल. केवळ व्हाइटनिंगने फ्लोरोसिसचे पांढरे पट्टे जात नाहीत. भोवतीचा दात उजळल्यामुळे ते कमी उठून दिसू लागतात एवढेच, आणि सुरुवातीचे काही दिवस तर ते अधिकच ठळक दिसतात, त्याने घाबरून जाऊ नये. तपकिरी डाग मात्र पेरॉक्साइडने बराच फिका होऊ शकतो. तो खोलवर नसेल तर मायक्रोअब्रेजन, म्हणजे इनॅमलचा अगदी बारीक थर आम्ल आणि खरखरीत लेपाने काढणे, आणि त्यानंतर व्हाइटनिंग असा जोडउपाय पुष्कळदा चांगला ठरतो. पांढरे पट्टे तरीही खटकत राहिले तर त्यांत पातळ रेझिन मुरवून ते भोवतीच्या रंगात मिसळवण्याची पद्धतही उपलब्ध आहे. ती व्हाइटनिंगच्या आधी करायची नाही, नंतर करायची, कारण मुरवलेले रेझिन पेरॉक्साइडने पांढरे होत नाही.

तारा निघाल्यावर थांबायचे कशासाठी, हा प्रश्न उरतो, कारण दात तर त्याच दिवशी मोकळे झालेले असतात. वरवर मोकळे झाले तरी ते सावरलेले नसतात. सुटलेले दात किंचित हलतात, हिरड्या फुगलेल्या असतात, आणि ब्रॅकेट काढून पॉलिश केलेला पृष्ठभाग थंड-गरम पटकन जाणवून देतो. लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट असते, आणि प्लाक साचण्याच्या जागा नाहीशा झाल्यावर ती लाळ इनॅमलमधून गेलेली खनिजे थोडी थोडी परत भरते. नव्याने उमटलेल्या पांढऱ्या कडा पहिल्या काही महिन्यांत आपोआपच फिक्या होतात त्या यामुळे, आणि म्हणून त्यांच्यावर लगेच काही करू नये. या काळात रोजची फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट पुरते. अशा पांढऱ्या कडांवर लगेच तीव्र फ्लोराइडचा लेप देणे टाळतात, कारण वरचा थर चटकन घट्ट होऊन आतला पांढरेपणा तसाच राहून जाऊ शकतो. दुधातील केसीन या प्रथिनापासून बनवलेली खनिजयुक्त क्रीमही यासाठी दिली जाते. ती ज्यांना दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी आहे त्यांनी वापरू नये. चार ते सहा आठवड्यांनी हिरड्या गुलाबी व घट्ट दिसू लागल्या, ब्रश करताना रक्त येईनासे झाले आणि थंड पाण्याची कळ थांबली, की व्हाइटनिंगसाठी दात तयार आहेत असे समजावे. पांढऱ्या कडा जास्त असतील तर डॉक्टर तीन ते सहा महिनेही थांबायला सांगतील, आणि तसे झाले तर लग्नाची तारीख पुढे करून त्यांना आग्रह करू नका.

तारा काढल्यानंतर व्हाइटनिंग करणे हा क्रम पुष्कळांना आजच्या जाहिरातींमुळे सुचलेला वाटतो, पण घरी ट्रे घालून दात पांढरे करण्याची पद्धत मुळात ऑर्थोडॉन्टिस्टच्याच दवाखान्यात सापडली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात फोर्ट स्मिथ येथे डॉ. बिल क्लुसमायर यांनी, तारा निघाल्यावर दात जागेवर राहावेत म्हणून दिल्या जाणाऱ्या साधनात, सुजलेल्या हिरड्या बऱ्या व्हाव्यात या हेतूने कार्बामाइड पेरॉक्साइडचे जंतुनाशक घालायला सांगितले. हिरड्या सुधारल्या आणि सोबत दातही उजळलेले त्यांच्या लक्षात आले. पुढे १९८९ मध्ये हेवूड आणि हेमन या दंतवैद्यांनी १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडची ही पद्धत शास्त्रीय नियतकालिकात मांडली, आणि आजही सौम्य जेल, मापाचा ट्रे आणि दोन-तीन आठवड्यांचा संयम हीच मला सर्वांत भरवशाची पद्धत वाटते. तुमच्यासारख्या, नुकत्याच तारा निघालेल्या व्यक्तीला दवाखान्यातील एका बैठकीतल्या तीव्र व्हाइटनिंगपेक्षा हीच अधिक मानवेल, कारण कळ आली तर एक दिवस थांबता येते.

तुमच्या तारखांनुसार सांगायचे तर जानेवारीच्या अखेरीस तारा निघाल्यावर त्याच वेळी किंवा आठवडाभरात पूर्ण सफाई करून घ्या, आणि फेब्रुवारी महिना हिरड्यांना व इनॅमलला द्या. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तपासणी करून, कीड किंवा जुने फिलिंग गळत असेल तर ते आधी दुरुस्त करून घ्या, दाताची सध्याची शेड फोटोसह नोंदवून घ्या आणि ट्रेसाठी माप द्या. हे माप तारा निघाल्यानंतरचेच हवे, कारण आधीच्या मापाचा ट्रे बसणार नाही. मार्चच्या मध्यापासून दोन-तीन आठवडे व्हाइटनिंग करा. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यानंतर ते थांबवले, म्हणजे रंग स्थिरावायला पुरेसा वेळ मिळेल. व्हाइटनिंगनंतर लगेच दात जरा जास्तच पांढरे दिसतात, कारण ते तात्पुरते कोरडे पडलेले असतात, आणि खरा रंग पुढच्या एक-दोन आठवड्यांत कळतो. दातांवरच्या पांढऱ्या पट्ट्यांत रेझिन मुरवायचे असेल किंवा समोर रंग जुळवून फिलिंग करायचे असेल तर तेही शेवटच्या जेलनंतर किमान दोन आठवड्यांनी, म्हणजे एप्रिलच्या अखेरीस करता येईल. तुमच्या पुढच्या दातांवर आधीच फिलिंग किंवा कॅप असेल तर ती पांढरी होणार नाही आणि भोवतीच्या उजळ दातांत वेगळी दिसेल, हे आधीच विचारून ठेवा. तारा काढणे मार्चच्या मध्यापर्यंत लांबले तरी सौम्य जेलने दहा-बारा दिवसांचे काम एप्रिलच्या उत्तरार्धात होऊ शकते. त्याहून उशिरा तारा निघाल्या तर मात्र व्हाइटनिंग लग्नानंतरवर ढकला. सफाई आणि पॉलिश केलेले सरळ दात फोटोत उत्तमच दिसतात. लग्नाच्या आदल्या आठवड्यात व्हाइटनिंग कधीही करू नका. पंगतीत गार मठ्ठा पिताना कळ येणे किंवा हिरडीवर पांढरा चट्टा उठणे यांतून मार्ग काढायला तेव्हा वेळच नसतो.

या सगळ्यात रिटेनर, म्हणजे तारा निघाल्यावर दात जागेवर धरून ठेवणारे साधन, विसरू नका. तारा निघाल्यावर पहिले काही महिने दात मागे सरकण्याची शक्यता सर्वांत जास्त असते, आणि रिटेनर बहुधा जेवण सोडून दिवसरात्र घालायला सांगतात. रात्रभर व्हाइटनिंगचा ट्रे घालायचा म्हटले तर रिटेनर बाजूला राहतो. त्यामुळे जेवणाच्या आसपासच्या वेळेत तास-दोन तास ट्रे घालून बाकी वेळ रिटेनर घालावा, की काही वेगळे करावे, हे तुमच्या ऑर्थोडॉन्टिस्टनाच ठरवू द्या. पारदर्शक रिटेनरमध्येच जेल घालून काम भागते असे कोणी सुचवले तरी आपण होऊन तसे करू नका. डॉक्टर काही वेळा तशी परवानगी देतात, पण त्यातून जेल हिरडीवर किती येते ते आधी पाहावे लागते. दातांच्या आतल्या बाजूला बारीक तार चिकटवली असेल, तर बाहेरच्या पृष्ठभागावर व्हाइटनिंग करायला तिची सहसा अडचण नसते.

तुमच्या भावाला सांगा की त्याचा विचार तारा निघाल्यावर आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर करू. पंधराव्या वर्षी दाताच्या आतला नसेचा पोकळ भाग मोठा असतो आणि पेरॉक्साइडचा त्रास अधिक होतो. युरोपीय संघाच्या नियमांनुसार तर अठरा वर्षांखालील व्यक्तींना अशी उत्पादने वापरायला देतच नाहीत, आणि हा दंडक मला योग्य वाटतो. वय बाजूला ठेवले तरी, व्हाइटनिंगनंतर इनॅमलमध्ये काही काळ ऑक्सिजन राहतो आणि तो रेझिन नीट घट्ट होऊ देत नाही, त्यामुळे ब्रॅकेट वारंवार निसटू शकतात. एखाद्या प्रौढ व्यक्तीने तारा बसवण्यापूर्वी व्हाइटनिंग केलेच, तर मध्ये किमान दोन आठवड्यांचे अंतर ठेवावे लागते. शिवाय दीड-दोन वर्षांच्या उपचारात उजळलेला रंग पुन्हा उतरणारच, मग तेच काम दोनदा करण्यात अर्थ नाही. भाऊही त्याच गावात वाढला असेल तर त्याच्याही दातांवर पट्टे असण्याची शक्यता आहे. फ्लोरोसिस असलेल्या इनॅमलवर ब्रॅकेटची पकड कमी बसते, म्हणून ही गोष्ट त्याच्या डॉक्टरांना आधीच सांगा. तारांऐवजी दात सरळ करण्यासाठी काढता-घालता येणारे पारदर्शक साचे, म्हणजे अलाइनर, वापरणाऱ्यांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. काही जणांना डॉक्टर अलाइनरमध्येच सौम्य जेल घालायला सांगतात, पण दातांवर चिकटवलेले उंचवटे असतील तर तिथे रंग सारखा येत नाही आणि म्हणून तिथेही शेवटापर्यंत थांबणेच बरे.

पार्लरमधील पॅकेज नाकारा. तिथल्या व्यक्तीचा हेतू वाईट असेल असे माझे म्हणणे नाही, पण दातांत कीड आहे का, भेग आहे का, हिरड्या उघड्या पडल्या आहेत का, पट्टे फ्लोरोसिसचे आहेत की खनिजे गेल्याचे, हे तिथे कोणी तपासत नाही, आणि वापरले जाणारे जेल किती टक्क्यांचे आहे तेही बहुधा सांगितले जात नाही. चकाकी दिसावी म्हणून पृष्ठभागावर आम्ल लावण्याचे प्रकारही होतात, आणि एकदा गेलेले इनॅमल शरीर पुन्हा तयार करत नाही.

जानेवारीपर्यंत करायचे काम साधे असले तरी सर्वांत मोलाचे आहे. प्रत्येक जेवणानंतर ब्रश करा. ब्रॅकेटच्या वरची आणि खालची बाजू वेगवेगळी घासा, आणि तारेखालून जाणारा बारीक इंटरडेंटल ब्रश रात्री एकदा तरी वापरा. कार्यालयात ब्रश करणे शक्य नसेल तेव्हा चहानंतर निदान पाण्याने खळखळून चूळ भरा, आणि साखरेचा चहा घोट-घोट करत तासभर पीत बसू नका, कारण त्यामुळे दात तेवढा वेळ आम्लात राहतात. पुढच्या भेटीत ऑर्थोडॉन्टिस्टना चार गोष्टी विचारा: उपचारापूर्वीचे फोटो पाहता येतील का, आता ब्रॅकेटभोवती नव्या पांढऱ्या कडा दिसतात का, रेझिन काढून पॉलिश करण्यासाठी त्या दिवशी पुरेसा वेळ ठेवला आहे का, आणि रिटेनर कोणता देणार आहेत. लग्नाची तारीखही त्यांना आजच सांगा. जानेवारीच्या अखेरीस तारा निघणे शक्य नसेल तर ते त्यांना आताच दिसत असेल, आणि वरचे वेळापत्रक तुम्हाला त्याप्रमाणे आताच पुढे-मागे करता येईल.